अध्यक्षांच्या समोरची भिंत

६ मार्च

चि. बाब्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काहीतरी करत असतोस आणि मी फोन ठेवला की सुटलो म्हणतोस. पत्र निदान वाचावं तरी लागतं.

आजच्या पेपरात नगरपालिकेच्या जुन्या सभागृहाच्या नूतनीकरणाचं चित्र आलंय. गुळगुळीत, चकचकीत, दंतमंजनाच्या जाहिरातीसारखं. कोपऱ्यात तुझी सही. आधी मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. चित्र कापून शेजारणीला दाखवावं म्हणून कात्री शोधायला उठलेसुद्धा. मग चष्मा लावून नीट बघितलं आणि कात्री जागेवर ठेवली. तू नगराध्यक्षांची खुर्ची उचलून भित्तिचित्राखाली नेली आहेस. जे चित्र इतकी वर्षं त्या खुर्चीवरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर होतं ते आता त्याच्या पाठीमागे जाणार. आणि सभासदांची दगडी बाकं फोडून काढणार, असं खाली बारीक अक्षरात दिलंय.

बाब्या, डोकं ठिकाणावर आहे ना?

तुझा सगळा दोष नाही. तुम्हा मुलग्यांच्या शाळेला त्या सभागृहात फक्त बक्षीस समारंभाला नेत आणि प्रेक्षकांच्या जागेत बसवत, म्हणजे चित्राकडे पाठ करून. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये चित्रकलेला खडू सिस्टर होत्या. पांढऱ्या झग्यावर पांढरा खडू दिसत नसे, म्हणून त्या बाहीलाच हात पुसत. त्यांनी आमच्या वर्गाला तिथे नेलं आणि एकेका मुलीला अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. शिपाई घाबरला, पण सिस्टरांपुढे कोणाचं काय चालणार. त्या म्हणाल्या, चित्रात काय होतं ते विसरलात तरी चालेल, ते कुठून बघायचं हे विसरू नका.

मी विसरलेले नाही. वर आभाळ, मधोमध तराजू धरलेला देवदूत, खाली आपलं शहर: पूल, वेस, विहिरीवरच्या बायका, कापड मोजणारा व्यापारी. एका पारड्यात मुठीएवढं हेच शहर पुन्हा काढलंय. दुसऱ्या पारड्यात मुठीएवढा माणूस, अंगावर चिंधी नाही, फक्त गळ्यात अध्यक्षपदाची साखळी. आणि तराजूचा काटा अजून थरथरतोय, निकाल लागलेला नाही. जुन्या लोकांनी हे चित्र देवळात काढलं नाही, चौकात काढलं नाही. जिथे बसून एक माणूस शहराचे निर्णय घेतो, बरोबर त्याच्या समोर काढलं. त्यांच्या लेखी देवाची भीती आणि शहराचा कारभार या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. आणि तू त्या माणसाला वळवून बसवतोस.

नकाशा बदल. वहिनीला आशीर्वाद. तिचा गुडघा कसा आहे ते कळव, तुझं काय ते मला माहीत आहे.

माझा राग आणि माझी माया एकाच पाकिटातून पाठवते आहे, दोन्ही उतरवून घे.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पाकीट उघडण्याआधीच हाताला चटका बसला. सौ. म्हणाली, चिमट्यानं धरा.

ताई, तू चाळीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलंस, त्यामुळे समोर दिसेल तो तुला आरोपी वाटतो. माझी बाजू एकदा ऐकून घे. आजवर हे चित्र बघायचं भाग्य कोणाला होतं? अध्यक्षांना आणि बाकांवरच्या सभासदांना. ज्या लोकांचं हे शहर, ते प्रेक्षकांच्या जागेत भिंतीला पाठ लावून बसत. मी ते उलटं केलंय. आता लोक समोर बसतील आणि सभा चालू असताना चित्र त्यांना दिसेल. वर मंद दिवे, खाली अध्यक्षांची खुर्ची, सगळं एका रेषेत. चित्राला मी सभागृहातली सर्वांत मानाची जागा दिली आहे. यात अपमान कुठे आला? उलट मला वाटलं होतं, तू शाबासकी देशील.

दगडी बाकांचं म्हणशील तर त्यांना पाठ नाही. सभासद तासाभरात आडवे होतात. मागच्यांना पुढचं ऐकू येत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला आत येता येत नाही. हे सगळं मी सोडवलंय, ते तुला त्या चित्रात दिसलं नाही.

अजून एक सांगतो. या कामानंतर मी ऑफिस बंद करणार आहे. आयुष्यभर लोकांच्या गच्च्या, जिने आणि संडास काढले. आपल्या गावातलं हे एक काम असं आहे की मी गेल्यावर कोणी बोट दाखवून म्हणेल, हे त्यानं केलं. सुनावणी होणार आहे, तिथे हरकती ऐकून मग सभासद मत देतील. सख्खी बहीणच हरकत घ्यायला उभी राहिली तर मी तोंड कुठे लपवू? तेवढं करू नकोस.

सौ.चा गुडघा बरा आहे. माझ्या पाठीची चौकशी तू केली नाहीस, तरी ती दुखते आहे.

चटके कमी झाले तरी चालतील, लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाब्या

१५ मार्च

चि. बाब्यास आशीर्वाद.

वि. वि. पाठीला गरम पाण्याची पिशवी लाव. झाली चौकशी.

आता कामाचं. लोकांना चित्र दिसावं हे तुझं म्हणणं वाईट नाही, आणि मी ते दोन दिवस मनात घोळवलं. पण लोकांना कोण अडवतं? दार उघडं असतं. आत जावं, मान वळवावी आणि पोटभर बघावं. आपल्या नातवाला दाखवावं. अध्यक्ष मात्र त्या खुर्चीत निर्णय घेण्यापुरतेच बसतात, आणि त्या वेळी त्यांना काय दिसतं हाच प्रश्न आहे. तुझ्या नकाशात त्यांना काय दिसणार ते मी भिंग घेऊन बघितलं. समोरच्या भिंतीवर आवाजाच्या यंत्रांची काचेची खोली आणि त्यावर घड्याळ. म्हणजे लोक गाऱ्हाणं सांगत असताना त्यांनी जेवायला किती वेळ आहे ते बघायचं.

तू माझ्या कोर्टाला हसलास. त्या कोर्टात मी एक गोष्ट शिकले. साक्षीदाराचा पिंजरा कुठेही ठेवत नाहीत. न्यायाधीशाला त्याचा चेहरा दिसला पाहिजे. खोलीत कोण कोणाकडे बघतं ते आधी ठरतं, बाकीचं कामकाज मागून येतं. तू घरं बांधतोस, तुला हे मी सांगायचं?

काल हरकत नोंदवायला गेले होते. हो, नोंदवली. तोंड लपवायला घरी जागा नसेल तर माझ्याकडे कपाट रिकामं आहे. कचेरीच्या व्हरांड्यात खुद्द अध्यक्ष भेटले. तुला ठाऊकच आहेत, केसांना रंग, दातांना चमक. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. मला आजी आजी करत त्यांनी स्वतः सभागृह दाखवलं. फोटोग्राफरला बोलावून त्यांनी आधीच बघून घेतलंय म्हणे: तुझ्या नकाशातल्या जागी बसलं की फोटोत देवदूताचे पंख बरोबर त्यांच्या खांद्यांतून निघतात आणि तराजू डोक्यावर छत्रीसारखा येतो. मोठे खूश होते. म्हणाले, "आजी, आता देवसुद्धा आमच्या बाजूचा." मी म्हटलं, "अहो, त्या पारड्यात तुम्ही आहात, आणि उघडे आहात." त्यांच्या सचिवाला खोकल्याची उबळ आली. अध्यक्षांनी मान वर करून पारड्याकडे बघितलं. मला वाटतं पहिल्यांदाच.

बाब्या, हे तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. तू सगळं एका रेषेत मांडतोस, लहानपणी चपलासुद्धा तशाच लावायचास. पण तुझ्या त्या रेषेनं एका साध्या माणसाला पंख फुटताहेत. ज्याला तोलायचं त्यालाच तू तोलणारा करून ठेवलंस. हे माझ्या भावाच्या सहीखाली होऊ देणार नाही.

सुनावणीत मी तुझं नाव घेणार नाही, एवढा शब्द देते. त्याहून जास्त मागू नकोस.

रागावलास तरी जेवणावर राग काढू नकोस.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पंखांचं वाचून मी नकाशा पुन्हा काढून बघितला. तू म्हणतेस ते खरं आहे, फोटोत तसं दिसणार. मी खुर्ची मधल्या रेषेवरून डावीकडे सरकवली आहे. आता देवदूत मधोमध आणि अध्यक्ष बाजूला. अध्यक्षांनी पुष्कळ कुरकुर केली, मी त्यांच्या गळी उतरवलं. तुझ्या हरकतीचा मान राहिला. आता ती मागे घे.

यापुढे मी काही बदलणार नाही. दगड फोडणाऱ्यांना तारीख दिली आहे. तू माझी मोठी बहीण आहेस, पण सभागृहाचा वास्तुविशारद मी आहे.

लोभ आहे तिथेच आहे, मला तो सारखा सारखा मागायला लावू नकोस.

बाब्या

२६ मार्च

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांच्यापासून मी काही लपवलं असेल तर फक्त बिस्किटं. आज हे पत्र.

आधी माझ्या मनाला लागलेलं सांगून टाकते. गेल्या रविवारी आम्ही दोघं तुमच्या गावात येऊन गेलो आणि तुमच्या घरी आलो नाही. कोपऱ्यावरून गाडी पुढे गेली तेव्हा तुमच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. मी यांच्याकडे बघितलं, यांनी रस्त्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून हे धड नाहीत. पेन्सिलीला टोक करतात आणि तीच मोडतात. तुमच्याशी भांडण मी लावून दिलं असं समजून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मग रविवारी एकदम म्हणाले, चल. शिपायानं सभागृह उघडून दिलं. यांनी मला जमिनीवर एक दगड दाखवला. सभागृहाच्या मध्यावर आहे, इतर फरशांपेक्षा खोल झिजलेला, जिन्याची जुनी पायरी झिजते तसा. त्यावर मला उभं केलं आणि स्वतः पलीकडे जाऊन अध्यक्षांच्या जुन्या खुर्चीत बसले. मला म्हणाले, काहीतरी बोल. मी म्हटलं, काय बोलू? म्हणाले, गाऱ्हाणं सांग. मी गुडघ्याचं सांगितलं. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही तेही सांगितलं. हे ऐकत होते की नाही देव जाणे, नुसते बघत बसले. नीट उभी राहा म्हणाले, राहिले. मग चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, चल घरी. काय झालं विचारलं तर गाडीची किल्ली शोधायला लागले. माझी चित्राकडे पाठ होती, त्यामुळे त्यांनी काय बघितलं ते मला सांगता येणार नाही.

वन्सं, लहान तोंडी मोठा घास घेते. तुमचं म्हणणं मला पटतं. पण तुम्ही ते असं लिहिता की समोरच्याला हो म्हणायला वाटच राहत नाही. यांनी खुर्ची सरकवली तेव्हा तुम्ही एक ओळ बरी लिहिली असतीत तर हे कदाचित स्वतःच पुढचं पाऊल टाकते. तुमच्याकडून काहीच आलं नाही. रोज पोस्टमनची वाट बघत होते, आणि मला म्हणायचे, विजेचं बिल यायचंय.

सुनावणीला जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. गेलात तर माझ्या नवऱ्याला सांभाळून घ्या.

तुमचा हात डोक्यावर असू द्या, चिमटा मात्र मला काढू नका.

तुमची,
वहिनी

३० मार्च

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. चादरी माझ्याच होत्या. पुढच्या वेळी गाडी थांबव, तो रस्त्याकडे बघत असला तर ब्रेक तू दाब.

तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही. खुर्ची सरकवल्याचं वाचून मी ठरवून उत्तर दिलं नाही. वाटलं, चार बोटं सरकलास म्हणून आरती ओवाळू का. माझ्या तोंडाला कोर्टातली सवय आहे, तिथे वाकडं बोलल्याशिवाय कोणी ऐकत नाही. पण तो माझा भाऊ आहे, वकील नाही, हे मला आठवायला हवं होतं. त्याला माझ्या वतीनं सांगू नकोस, मी बघते काय करायचं ते.

सुनावणीला मात्र मी जाणार. बाकं एकदा फोडली की फोडली. मी घरी बसले तर त्याला बरं वाटेल आणि पुढे जन्मभर त्या सभागृहासमोरून जाताना तो मान खाली घालून जाईल. ते मला बघवणार नाही. शब्द मऊ वापरीन, म्हणणं तेच ठेवीन.

नळाचं गाऱ्हाणं तुमच्या नगरपालिकेत सांग. नवऱ्याला सांगून पाणी येत नसतं.

सुखी राहा आणि गुडघ्याला जप, तो तुला अजून पुष्कळ ठिकाणी घेऊन जायचाय.

तुझी,
वन्सं

८ एप्रिल

चि. बाब्यास आशीर्वाद.

वि. वि. काल सुनावणी संपल्यावर तू अधिकाऱ्यांच्या गाडीतून निघून गेलास, मानसुद्धा हलवली नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आधी चांगलं. तू खुर्ची सरकवलीस तेव्हाच लिहायला हवं होतं: माझं ऐकलंस, बरं वाटलं. झालं लिहून.

आता तुझा आगाऊपणा. मी खांबाजवळच्या माइकपाशी उभी राहून बोलायला सुरुवात केली होती. तू मध्येच उठून शिपायाच्या कानात काहीतरी सांगितलंस. माझं वाक्य अर्धवट असताना त्यानं माइक उचलून मधल्या झिजक्या दगडावर नेला, आणि तू भर सभेत मला हातानं खूण केलीस, ताई, इथे उभी राहा. अध्यक्ष म्हणाले, कशाला, तिथून ऐकू येतंय. तू म्हणालास, पूर्वी गाऱ्हाणं सांगणारे इथेच उभे राहत. मला वाटलं, मला गप्प करायची ही नवी युक्ती. मी तुझ्याकडे कसं बघितलं ते तुला आठवत असेल.

पण मग गंमतच झाली. खांबाजवळ होते तोवर कोणी फोनमध्ये होतं, एक जण संत्रं सोलत होता, अध्यक्ष सचिवाशी हसत होते. दगडावर उभी राहून मी पुन्हा सुरू केलं आणि बघता बघता सगळे गप्प. संत्रं सोलणाऱ्याचा हात तसाच राहिला. अध्यक्ष पुढे वाकले, मग मागे टेकले. मी काही फार बोलले नाही. एवढंच म्हटलं की हे चित्र तुमच्यामागे शोभून दिसावं म्हणून काढलेलं नाही, तुम्ही ते बघावं म्हणून काढलंय. ज्यांनी हे चित्र काढवून घेतलं ते स्वतःच त्या बाकांवर बसत होते. त्यांना आपल्या नजरेवर कोणाची तरी नजर हवी होती. तुम्हाला ती नको असेल तर बाकं फोडा, पण एकदा समोर बघा आणि मग फोडा.

सात-आठ वाक्यं झाली असतील. माझ्या आवाजात अजून दम आहे म्हणायचा. शेजारीण म्हणाली, वकील व्हायला हवी होतीस. मी म्हटलं, आयुष्यभर त्यांचं बोलणं उतरवून घेतलं, थोडं अंगाला लागणारच.

मतदान पुढच्या बैठकीत आहे. तू काय करणार आहेस ते मला अजून माहीत नाही, आणि विचारणार नाही.

रुसवा असला तर पत्रातून पाठव, गाडीतून नेऊ नकोस.

तुझी,
ताई

१४ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या आवाजात दम आहेच, ते मी लहानपणापासून जाणतो. पण त्या दिवशी सभासद गप्प झाले ते आवाजानं नाही. आता सांगतो.

तू पंखांचं लिहिल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. चित्रकारानं देवदूत इतका खाली का उतरवला? पाय जवळजवळ जमिनीला टेकलेत. आभाळात एवढी जागा असताना कोणी असं करत नाही. मी नकाशावर रेषा मारून बघितल्या. जुन्या खुर्चीतून निघालेली रेषा त्या झिजक्या दगडावरून जाऊन देवदूतावर पोचते, आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंच्या बाकांवरूनही जवळजवळ तशीच. म्हणून सौ.ला घेऊन गेलो. तिला दगडावर उभं केलं आणि खुर्चीत बसलो. ताई, पंख तिच्या खांद्यांतून निघाले. देवदूताचं अंग तिच्यामागे झाकलं गेलं आणि तराजू तिच्या डोक्यावर आला. ती बिचारी गुडघ्याचं सांगत होती, आणि मला वाटत होतं, खाली उतरून तिच्यासमोर हात जोडावेत.

ते पंख गाऱ्हाणं सांगणाऱ्यासाठी काढले होते. अध्यक्षासमोर जो कोणी उभा राहील, विधवा असो, हमाल असो, अध्यक्षाला तो तसाच दिसावा. आणि सांगणाऱ्याला ते कधीच कळू नये, कारण त्याची चित्राकडे पाठ. मी एवढी वर्षं खिडक्या कुठल्या दिशेला असाव्यात ते लोकांना शिकवलं, आणि आपल्या गावातली सर्वांत हुशार भिंत मला वाचता आली नाही. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. पण तू बरोबर होतीस हे लिहायला पेन उचलेना. म्हणून सुनावणीत तुला दगडावर नेलं. बाकीचं तुझं तू केलंस. मी अध्यक्षांच्या शेजारी बसलो होतो. मला तू दिसत होतीस. पुढचं लिहीत नाही, तू चेष्टा करशील.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना जाऊन सांगितलं, नकाशे मागे घेतो. ते म्हणाले, "तुम्ही बहिणीला घाबरता." मी म्हटलं, हो, आणि तुम्हीही त्या दिवशी घाबरला होतात. काम गेलं. दगड फोडणाऱ्यांना मीच फोन करून नको म्हणून सांगितलं.

आता वाईट बातमी. काल मतदान झालं. खुर्ची जुन्या जागी राहणार, बाकं राहणार, एकही दगड हलणार नाही. सगळे एकमतानं. आणि त्याच बैठकीत दुसरा ठराव झाला: पुढच्या महिन्यापासून सभा नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरणार, आणि जुनं सभागृह बाहेरून येणाऱ्यांना बघायला खुलं राहणार. अध्यक्ष म्हणाले, इतका मौल्यवान ठेवा रोजच्या वापरात झिजवणं बरं नाही. टाळ्या पडल्या. आपल्याच हरकतीचा आधार घेऊन त्यांनी आपल्याला गुंडाळलं. चित्र जागेवर आहे, खुर्ची जागेवर आहे, फक्त खुर्चीत कोणी नाही.

मला काही सुचत नाही. सौ. म्हणते, ताईंना लिहा.

लोभाचं नेहमीचं मागणं या वेळी मनापासून.

तुझा,
बाब्या

१८ एप्रिल

चि. बाब्यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी पदरानं चष्मा पुसत बसले. शेजारीण विचारत होती, कोणी गेलं का. मी म्हटलं, कोणी गेलं नाही, माझा भाऊ परत आला.

मी खुळी, आवाजाच्या गर्वात होते. बरं झालं सांगितलंस. त्या दगडावर किती जण उभे राहिले असतील आणि कोणालाही आपण कसे दिसतो ते कळलं नसेल. मी माझ्या डोळ्यांनी बघून घेईन. तू आलास की वहिनीला पुन्हा उभं कर, मी खुर्चीत बसते.

ठरावाचं वाचून पहिले दोन तास मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सिस्टरांनी साबणानं तोंड धुतलं असतं. मग साडी बदलली आणि नवी इमारत बघून आले. वरचा मजला. अध्यक्षांची खुर्ची मोठी, चाकांची, कुठेही वळेल अशी. समोरची भिंत कोरी पांढरी, तिच्यावर अजून खिळासुद्धा नाही. भिंतीपुढे लोकांसाठी खुर्च्यांच्या चार रांगा. मी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसून बघितलं. तिथून अध्यक्षांच्या खुर्चीचा मधला बिंदू सरळ डोळ्यांत येतो. म्हणजे अध्यक्षांनाही खुर्चीतून इथे बसलेला माणूस तसाच समोर दिसणार. तू एका रेषेत म्हणतोस ना, तसं.

सभा लोकांना खुली असते, हा नियम मी कारकुनाकडून खात्री करून घेतला. बोलता येत नाही, फलक नेता येत नाही, टाळ्या वाजवता येत नाहीत. बसता येतं. बसून बघायला बंदी नाही. कारकुनानं विचारलं, कशासाठी यायचंय? मी म्हटलं, बघायला. तो म्हणाला, बघण्यासारखं काही नसतं हो. म्हटलं, तेच बघायचंय.

शेजारीण येते आहे. कॉन्व्हेंटच्या माझ्या वर्गातल्या पाच जणी अजून चालत्या-फिरत्या आहेत, त्यांना सांगितलंय. एकीला कमी दिसतं, पण तिला कमी दिसतं हे समोरच्याला कळत नाही, त्यामुळे ती सर्वांत उपयोगी. पहिली रांग जवळजवळ भरली. ही सभा, पुढची सभा, त्याच्या पुढची सभा. आमच्यातली एखादी पडली तर दुसरी बसेल. जुन्या लोकांनी चित्रकार बोलावला, आपल्याकडे सध्या आपण आहोत.

तुझं काम गेलं म्हणतोस, ते रडगाणं बंद कर. जुन्या सभागृहात चाकाच्या खुर्चीला आत येता येत नाही हे तूच लिहिलंस आणि ते खरं आहे. त्याचा एक साधा उतार काढून दे, एकही दगड न फोडता. लोक येऊन बघणारच आहेत, तर सगळ्यांना येऊ दे. आणि झिजक्या दगडाजवळ काय लिहायचं तेही तूच लिही. ते वाचून दर सुट्टीत गावची पोरं आईला दगडावर उभं करतील आणि खुर्चीत बसून बघतील. अध्यक्षांनी ठेवा जपायचं ठरवलंय, आपण त्यांना मदत करू. त्यातलीच एखादी पोर पुढे नव्या इमारतीतल्या खुर्चीत बसेल, तेव्हा तिला माहीत असेल.

पहिली सभा पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आहे. पहिल्या रांगेत डावीकडची एक खुर्ची मी तुझ्यासाठी आणि तिच्या शेजारची वहिनीसाठी धरून ठेवते. नव्या खुर्च्या कडक आहेत, पाठीसाठी उशी आण. इस्त्रीचा सदरा घाल, केस विंचर आणि पेन्सिल घरी ठेव. तिथे आपल्याला काही काढायचं नाही, नुसतं दिसायचं आहे.

कळावे. लोभ आहेच, तो मोजायचा असेल तर सोमवारी ये.

तुझी,
ताई